सर्किटच्या आकृतीत न मावणारा ॲम्प्लिफायर

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच विषय सुचवला: एफएम प्रक्षेपणासाठी मोठ्या शक्तीचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कसा बांधतात, ते सांगा. आज आपण त्याच विषयावर बोलणार आहोत, पण कृती सांगणार नाही. कृती सांगणारं लेखन भरपूर उपलब्ध आहे. आज आपण त्या लेखनाचंच परीक्षण करू. पाककृती वाचून तिच्यात मीठ लिहायचं राहिलंय का हे तपासावं, तसं.

आमची तक्रार आधीच सांगून टाकतो. या प्रकारच्या लेखनात व्हॉल्व्हचं कौतुक असतं, सर्किटची आकृती असते, सुट्या भागांची यादी असते आणि शेवटी वॉटमीटरचा फोटो असतो. आकृती बहुधा बरोबरही असते. पण शंभर मेगाहर्ट्झवर ॲम्प्लिफायर आकृतीत नसतोच. तो पत्र्यात असतो, तारेच्या लांबीत असतो, हवेच्या झोतात असतो. आणि लेखनातून नेमक्या ज्या गोष्टी गळतात, त्याच माणसाच्या जिवावर बेतणाऱ्या असतात.

आता मुळापासून बघू. एफएममध्ये लहरीची उंची कायम राहते, बदलते ती फक्त वारंवारता. ठरलेल्या जागेपासून जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ इकडे किंवा तिकडे. उंचीत काही माहितीच नसल्यामुळे ॲम्प्लिफायरने ती इमानाने जपायची गरज नाही. म्हणून व्हॉल्व्ह ‘क्लास सी’मध्ये चालवता येतो. म्हणजे काय, तर झोपाळ्याला सतत ढकलत राहायचं नाही, प्रत्येक फेरीत योग्य क्षणी एक धक्का द्यायचा. बाकीचा झोका झोपाळा आपला आपण पुरा करतो. हा झोपाळा म्हणजे टँक सर्किट, कॉइल आणि कपॅसिटरची जोडी. या पद्धतीत कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या आसपास मिळते.

इथपर्यंत सगळे लेखक नीट समजावतात. पुढे काय होतं ते एका उदाहरणाने पाहू. ८८७७ हा आयमॅकचा प्रसिद्ध सिरॅमिक ट्रायोड. त्याच्या प्लेटला जास्तीत जास्त ४००० व्होल्ट आणि १ अँपिअर चालतात, आणि प्लेट १५०० वॅट उष्णता सोसते. समजा, आपण ३५०० व्होल्ट आणि ०.६ अँपिअर दिले. आत गेले २१०० वॅट. सत्तर टक्के धरले तर बाहेर साधारण १४७० वॅट, आणि ६३० वॅटची उष्णता प्लेटवर. हा हिशोब प्रत्येक लेखात असतो.

जो हिशोब नसतो तो असा. व्हॉल्व्हची स्वतःची धारिता आणि आजूबाजूच्या पत्र्याची धारिता मिळून २० पिकोफॅरड धरा. शंभर मेगाहर्ट्झवर तिचा अवरोध ८० ओहम होतो. प्लेटवर रेडिओ वारंवारतेचा सुमारे ३००० व्होल्टचा शिखरदाब नाचतोय. म्हणजे त्या टँकमध्ये ३७ अँपिअरचा शिखरप्रवाह फिरतोय! पुरवठ्याच्या मीटरवर पाऊण अँपिअरही दिसत नाही, आणि आत वेल्डिंगच्या मशीनची आठवण यावी इतका प्रवाह. तोही तांब्याच्या पृष्ठभागावरच्या जेमतेम ६ ते ७ मायक्रोमीटर थरातून, कारण या वारंवारतेला प्रवाह धातूच्या आत शिरतच नाही. म्हणून तिथे रुंद पट्टी लागते, चांदीचा मुलामा लागतो, सांधे घट्ट लागतात. आकृतीत मात्र सगळ्या रेषा सारख्याच जाडीच्या.

तारेचंही तेच. सरळ तारेच्या एका सेंटिमीटरला साधारण १० नॅनोहेन्री, असा ठोकळ हिशोब आहे. दहा सेंटिमीटर तार म्हणजे शंभर मेगाहर्ट्झवर ६३ ओहम. आकृतीत जी रेषा ‘इथून चेसिसला जोडा’ एवढंच सांगते, ती प्रत्यक्षात एक कॉइल होऊन बसते. त्या २० पिकोफॅरडना जुळणारी टँकची कॉइलच मुळी १२७ नॅनोहेन्रीची! म्हणजे निष्काळजीपणे सोडलेली वीतभर तार आणि तुमची मुख्य कॉइल यांत फरक उरला नाही. ‘वर्णनाप्रमाणे केलं, पण चालत नाही’ असं जे लोक म्हणतात, त्यांनी वर्णनाप्रमाणेच केलेलं असतं. वर्णनात अंतरं दिलेली नसतात.

आमचाच एक अनुभव सांगतो. एका जुन्या ट्रान्समीटरचा शेवटचा टप्पा आम्ही दुरुस्त करत होतो, अर्थात अँटेनाला न जोडता, डमी लोडवर. ट्यूनिंग फिरवता फिरवता वॉटमीटरचा काटा एकदम वर गेला. आम्ही खूष. चहा सांगितला. मग आमच्यातल्या वयाने सर्वांत मोठ्या माणसाने शांतपणे इनपुटची केबल काढली. काटा तिथेच! ॲम्प्लिफायर कशाचं प्रवर्धन करतच नव्हता, तो स्वतःच आंदोलक होऊन भलत्याच वारंवारतेवर गात होता. वॉटमीटरला वॅट कळतात, ते कुठल्या वारंवारतेचे आहेत हे कळत नाही. त्या दिवसापासून वॉटमीटरचा फोटो हा आम्ही पुरावा मानत नाही.

यात फक्त आपली फजिती होते असं नाही. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा पट्टा सुरू होतो. १०८ ते ११२ मध्ये विमानाला धावपट्टीच्या मध्यरेषेवर आणणारा लोकलायझर असतो, ११८ पासून वैमानिक आणि नियंत्रण कक्षाचं संभाषण. १५०० वॅटच्या यंत्रातली नको असलेली लहर मुख्य लहरीच्या दहा लाखांश भागापर्यंत दाबली, तरी दीड मिलिवॅट उरतो. आणि मुंबईसारख्या शहरात विमानं डोक्यावरूनच उतरतात. म्हणून क्लास सी ॲम्प्लिफायरपुढे लो-पास फिल्टर आणि तपासणीला स्पेक्ट्रम ॲनालायझर हवाच. ज्या वर्णनात ‘फिल्टर नंतर जोडता येईल’ असं वाक्य आहे, ते वर्णन तिथेच मिटवून ठेवावं.

हे लेखन वेगळ्या प्रकारे करता येतं का? येतं, आणि झालेलं आहे. १९६७ मध्ये आयमॅकने ‘केअर अँड फीडिंग ऑफ पॉवर ग्रिड ट्यूब्ज’ नावाचं पुस्तक काढलं. शीर्षक बघा: निगा आणि खाणंपिणं. गोठ्यातल्या जनावराबद्दल बोलावं तसं. कंपनीला व्हॉल्व्ह विकायचे होते, हे उघड आहे. पण पुस्तकात जाहिरातबाजीपेक्षा निगेवर भर आहे. व्हॉल्व्हच्या आलेखांवरून प्लेटचा प्रवाह आणि कार्यक्षमता हाताने कशी काढायची, स्वयं-आंदोलन का होतं, न्यूट्रलायझेशन म्हणजे काय, संरक्षण कसं द्यायचं, हे त्यात आहे. त्याचा गुण आमच्या मते असा, की ते वाचकाला ‘हे मूल्य वापरा’ म्हणून थांबत नाही, ते मूल्य कुठून आलं ते दाखवतं. तुमच्या हातात वेगळा व्हॉल्व्ह आला तरी तुम्ही अडत नाही. त्याची मर्यादाही सांगायला हवी: ते अभियंत्यासाठी लिहिलंय, नवख्याला जड जातं. नवख्यासाठी सोपं लिहिणाऱ्यांनी मात्र सोपं करण्याच्या नादात नेमकी निगाच गाळली.

या निगेतल्या दोन गोष्टींबद्दल थोडं थांबून बोलू.

पहिली, हवा. ६३० वॅट उष्णता वाहून न्यायची आणि हवा ३० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही, असं ठरवलं तर सेकंदाला १७ ते १८ लिटर हवा लागते. आकडा फार वाटत नाही. पण ती हवा प्लेटच्या बारीक पात्यांमधून रेटावी लागते, म्हणजे नुसता वारा पुरत नाही, दाब लागतो. कॉम्प्युटरच्या खोक्यातला छोटा पंखा इथे फिरतो आणि हवा मात्र जात नाही. ब्लोअर हवा, आणि हवेचा दाब नसेल तर हीटरसुद्धा चालू होऊ नये असा स्विच हवा. ८८७७ ला हीटर लावल्यावर किमान तीन मिनिटं थांबावं लागतं. आणि हो, काही पॉवर व्हॉल्व्हच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतो. त्याची पूड फुप्फुसाला घातक आहे. खराब झालेला व्हॉल्व्ह ‘आत काय असतं बघू’ म्हणून फोडू नये.

दुसरी, उच्च दाब. ३५०० व्होल्टच्या पुरवठ्यात ३० मायक्रोफॅरडचा फिल्टर असेल तर त्यात सुमारे १८४ जूल साठतात. रुग्णालयात हृदयाला शॉक देणारं यंत्र साधारण १५० ते २०० जूलच देतं. फरक एवढाच, की तिथे डॉक्टर असतो. स्विच बंद केला म्हणजे हा साठा गेला, असं नाही. तो उतरवायला ब्लीडर रोध लागतो; तो जळलेला असू शकतो, म्हणून झाकण उघडताच पुरवठा तोडणारा इंटरलॉक लागतो; तोही फसू शकतो, म्हणून शेवटी इन्सुलेटेड दांडीला जमिनीची तार बांधून हाताने शॉर्ट करावं लागतं. एकावर एक तीन कुलपं. एकट्याने काम करायचं नाही, ही चौथी. बहुतेक वर्णनांत या सगळ्याला एक ओळ मिळते: ‘उच्च दाबाची काळजी घ्यावी.’ काळजी म्हणजे काय, ते कोण सांगणार?

आता शेवटचा प्रश्न, आणि आमच्या दृष्टीने टीकेचा मुख्य मुद्दा. इतकी शक्ती कशासाठी?

एडविन आर्मस्ट्राँगने १९३४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरून एफएमच्या चाचण्या सुरू केल्या. १९३६ च्या मे महिन्यात त्याचा निबंध छापून आला. त्यातली कल्पना तेव्हाच्या समजुतीच्या उलट होती: गोंगाट कमी करायला पट्टा अरुंद न करता रुंद करायचा. म्हणजे गोंगाटावर मात करण्याचा रस्ता त्याने नुसत्या ताकदीत शोधला नाही, पद्धतीत शोधला. आणि पुढे स्वतःचं केंद्र उभारलं ते न्यू जर्सीतल्या अल्पाइनला, हडसन नदीकाठच्या कड्यावर, सुमारे १२० मीटर उंच मनोरा बांधून. उंची आधी. तो मनोरा आजही उभा आहे.

उंचीचं गणित सोपं आहे. ३० मीटरवरच्या अँटेनाचं रेडिओ क्षितिज साधारण २२ ते २३ किलोमीटर, १२० मीटरवर ४५. उंची चौपट केली, अंतर दुप्पट झालं. उलट शक्ती दहापट केली तर श्रोत्याकडे क्षेत्र जेमतेम सव्वातीनपट होतं, आणि क्षितिज तसूभर सरकत नाही. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको, सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा त्यांनी पाहिलेला असतो. आपल्याकडे २००६ च्या कम्युनिटी रेडिओ धोरणाने प्रभावी विकिरित शक्ती साधारणपणे १०० वॅटवर ठेवली. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी याच चौकटीतली. दुष्काळी भागातल्या बायाबापड्यांना आपल्या बोलीत ऐकायला मिळतं, त्यासाठी किलोवॅट लागत नाहीत. आणि परवान्याशिवाय तर १ वॅटही हवेत सोडायचा नाही. लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय.

मग व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बांधूच नये का? असं आम्ही म्हणत नाही. आज ५० व्होल्टवर चालणारा एक एलडीएमओएस ट्रान्झिस्टर एक किलोवॅटच्या पुढे देतो, त्यामुळे व्यवहारासाठी व्हॉल्व्ह मागे पडला, हे खरं. पण व्हॉल्व्ह चूक काही क्षण सहन करतो, ट्रान्झिस्टर करत नाही. आणि रेडिओची शक्ती कुठून कुठे वाहते हे शिकायला त्याच्याइतका मोकळा गुरू नाही. डमी लोडवर, दोन-तीन जण मिळून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली बांधला तर त्यातून खूप हाती लागतं.

म्हणून पुढच्या वेळी असं एखादं वर्णन वाचाल तेव्हा आकृती नंतर बघा. आधी चार गोष्टी शोधा: अंतरं आणि पत्र्याची मापं दिली आहेत का? फिल्टरनंतरचं मोजमाप दाखवलंय का? हवेचा दाब सांगितलाय का? आणि यंत्र बंद केल्यावर काय करायचं, ते लिहिलंय का? चारही असतील तर तो लेखक तुमची काळजी करतो. नसतील, तर फोटोतला काटा कितीही वर असो, मजकूर अपुरा आहे.

इथे थांबू. तुमचे प्रश्न घेऊ या.