खंदकातले सत्य आणि विजयाचे निवेदन

व्हिक्टर नेक्रासोव यांची 'स्टालिनग्राडच्या खंदकांत' ही कादंबरी १९४६ साली 'झ्नाम्या' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि १९४७ मध्ये तिला स्टालिन पारितोषिक मिळाले. सोव्हिएत समीक्षेची तिच्याविषयीची अस्वस्थता मात्र या गौरवाने संपली नाही. पुढे बाक्लानोव आदी तरुण लेखकांच्या युद्धकथांवर 'खंदकातले सत्य' असा जो हेटाळणीचा शिक्का मारला गेला, त्याचे मूळ याच कादंबरीत आहे. आक्षेप असा की, खंदकातून इतिहासाची दिशा दिसत नाही. यातले निरीक्षण अचूक आहे. मूल्यनिर्णय मात्र तपासून पाहिला पाहिजे.

कादंबरीचा निवेदक केर्झेन्त्सेव हा युद्धापूर्वी वास्तुविशारद असलेला लेफ्टनंट. त्याचे निवेदन बहुतांशी वर्तमानकाळी आहे. ही केवळ शैलीची बाब नव्हे. भूतकाळी युद्धकथनात सांगणारा वाचला आहे आणि लढाईचा निकाल त्याला ठाऊक आहे, या दोन गोष्टी प्रत्येक वाक्यात गृहीत असतात. मृत्यूला विजयाचा अर्थ आधीच चिकटलेला असतो. नेक्रासोव हा आधार काढून घेतात. उताणा पडलेला एक मृत सैनिक आणि त्याच्या ओठाला चिकटलेले, अजून धुमसणारे सिगारेटचे थोटूक: केर्झेन्त्सेवला आठवते ते एवढेच, आणि उद्ध्वस्त शहरांपेक्षाही ते त्याला भयंकर वाटते. या तपशिलाला प्रतीक म्हणण्याचा मोह टाळावा. थोटूक काहीही सुचवीत नाही. ते फक्त माणसापेक्षा काही क्षण अधिक जगले आहे.

स्तांदालच्या 'पार्मा'मधील (१८३९) फाब्रिसलाही वॉटर्लूची लढाई उमगत नाही. पण तेथे लेखक नायकापेक्षा अधिक जाणतो, आणि त्या जाणण्यातून उपरोध निर्माण होतो. नेक्रासोव यांच्याकडे असे उंचावरचे स्थानच नाही. म्हणून नैतिक निवाडाही खंदकाच्या पातळीवरच होतो. टाक्यांवर समोरून हल्ला करण्याचा अब्रोसिमोवचा हट्ट अनेकांचा जीव घेतो. पुढे न्यायासनासमोर मितभाषी फार्बर बोलतो आणि अब्रोसिमोवची रवानगी दंडित तुकडीत होते. माणसे किती मेली आणि कशासाठी, हा प्रश्न शत्रूला नव्हे, आपल्याच अधिकाऱ्याला विचारला जातो. 'खंदकातल्या सत्या'ची खरी अडचण बहुधा हीच होती!

अर्थात, हे अज्ञान निखळ नाही. १९४६ च्या वाचकाला निकाल माहीत होता. निवेदकाने वगळलेला विजय तो स्वतः भरून काढीत होता. वर्तमानकाळाचा हा करार वाचकाच्या स्मृतीवर उभा आहे, आणि ती स्मृती नसलेल्या वाचकापुढे कादंबरी अधिक एकाकी होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन सैन्याला वेढा पडल्यानंतर थोड्याच काळात निवेदन थांबते. २ फेब्रुवारी १९४३ ची शरणागती कादंबरीत नाही.