‘मर्मर’ : एका ध्वन्यनुकारी शब्दाचा अर्थविचार

प्रस्तुत लेखात इंग्रजीतील ‘मर्मर’ या शब्दाची व्युत्पत्ती व अर्थच्छटा यांचा विचार करून, ध्वन्यनुकारी शब्दाचा अर्थ त्याच्या ध्वनीतच असतो, ही अध्यापनात रूढ झालेली समजूत तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

हा शब्द चौदाव्या शतकात फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिन ‘मुर्मुर’ हे होय. ग्रीक भाषेत याच घडणीचे क्रियापद खळाळत्या, गर्जणाऱ्या पाण्यासाठी येते. तर संस्कृत ‘मर्मर’ हा अमरकोशानुसार वस्त्रांचा व पानांचा आवाज आहे. ओठ मिटून उच्चारला जाणारा ‘म’, कंपित ‘र’ आणि द्विरुक्ती हा साचा तिन्ही भाषांत समान असला, तरी त्याने निर्दिष्ट होणारे आवाज मात्र भिन्न आहेत.

इंग्रजीतील अर्थप्रवासही लक्षणीय आहे. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील धर्मोपदेशकाच्या प्रवचनात ‘मर्मर’ हे मत्सराशी निगडित असे पाप आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये इस्राएल लोक मोशेविरुद्ध ‘मर्मर’ करतात. मराठीत तेथे ‘कुरकुर’ हाच शब्द योग्य ठरतो. वैद्यकात हृदयाच्या सदोष ध्वनीलाही हेच नाव आहे. म्हणजे एकाच इंग्रजी शब्दासाठी मराठीला प्रसंगानुसार कुरकुर, पुटपुट, गुणगुण, सळसळ असे निरनिराळे अनुकारी शब्द योजावे लागतात.

दुसरा मुद्दा उच्चाराचा. आजच्या प्रमाण ब्रिटिश उच्चारात या शब्दातील दोन्ही ‘र’कार सामान्यतः ऐकू येत नाहीत. ज्या कंपनामुळे अनुकरण साधले असे म्हणावे, ते कंपनच लोपले. तरीही वाचकाला शब्द नादमय वाटतो. अनुकारी शब्दही भाषेत रुळल्यावर ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांना बांधले जातात, हे सोस्यूरचे (१९१६) प्रतिपादन येथे पडताळून पाहता येते.

टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’ (१८४७) मधील मधमाश्यांच्या गुंजारवाची ओळ नादानुकरणाचे उदाहरण म्हणून नेहमी दिली जाते. समीक्षक जॉन क्रो रॅन्सम यांनी तिच्यात किंचित बदल करून ‘मर्मरिंग’च्या जागी ‘मर्डरिंग’ व मधमाश्यांच्या जागी गुरे आणली. ध्वनी जवळजवळ तोच राहिला; गुंजारव मात्र नाहीसा झाला. तथापि, यावरून ध्वनी निरर्थक ठरतो असे नव्हे. मूळ ओळीतील ‘म’ व ‘न’ यांची आवर्तने अर्थाला निश्चितच बळ देतात. मात्र कोणता ध्वनी ऐकावयाचा, हे अर्थ ठरवितो. ध्वनी हा अर्थाचा प्रतिध्वनी ‘भासावा’, असे पोपने १७११ मध्ये म्हटले होते. अध्यापनात नेमके हे ‘भासणे’ गळून पडते.

सारांश, ध्वन्यनुकारी शब्दांची यादी पाठ करवून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांना त्या शब्दाचा संदर्भ, इतिहास व मराठी पर्याय शोधावयास लावणे अधिक फलदायी ठरेल. इंग्रजीचा नाद कानाला परका असलेल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला या मार्गाने कवितेत प्रवेश मिळतो. केवळ नादावर भिस्त ठेवल्यास तो बाहेरच राहतो.