न्या. छागला : न्यायासन ते मंत्रिपद

न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याविषयी दोनच प्रकारचे लेखन सहसा आढळते. एकात राष्ट्रवादी मुसलमानाचा गौरव असतो, दुसऱ्यात समाजापासून दुरावलेल्या माणसाविषयीची तक्रार. दोन्हींत न्यायाधीश छागला हरवतात.

1947 ते 1958 ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांनी 1958 च्या प्रारंभी एकट्याने आणि खुल्या सुनावणीत केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षी विधी आयोगाचा चौदावा अहवाल आला. अध्यक्ष होते मोतीलाल सेटलवाड, सदस्यांत छागलाही होते. निवृत्तीनंतर न्यायाधीशांनी सरकारी पदे घेणे न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याला बाधक आहे, अशी भूमिका त्यात होती. छागलांनी तर निवृत्तीचीही वाट पाहिली नाही. न्यायासन सोडून ते अमेरिकेत राजदूत झाले. सेटलवाडांनी आत्मचरित्रात याविषयी नाराजी नोंदवली आहे.

छागलांनी सरकारकडे पाहून निकाल दिला, असे कोणी दाखवलेले नाही. मुंदडा चौकशी तर उलटच सांगते. परंतु प्रश्न विश्वासाचा आहे. इंदूरच्या सियागंजमधील घाऊक पेढीवर, दोघांच्या व्यवहारात काटा धरणारा माणूस उद्या त्यांतल्याच एकाच्या गल्ल्यावर बसला, तर दुसरा जुनी वजनेही पुन्हा आठवू लागेल. वजने खरी असली तरीही.

पुढे लंडनमध्ये उच्चायुक्त आणि 1963 पासून शिक्षणमंत्री. अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते 1965 चे अलिगढ प्रकरण. कुलगुरू अली यावर जंग यांच्यावरील हल्ल्यानंतर अध्यादेश निघाला आणि विद्यापीठाचे ‘कोर्ट’ केवळ सल्लागार उरले. हल्ला निषेधार्हच होता. पण विद्यापीठ मुसलमानांनी स्थापलेले नाही, ही छागलांची मांडणी निकालपत्राच्या थाटाची होती. मंत्र्याने आधी संबंधितांशी बोलायचे असते. 1967 च्या अझीझ बाशा निकालाने त्या मांडणीला बळ दिले. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्या निकालाचे तत्त्व रद्द ठरवले.

उच्च शिक्षणाचे माध्यम घाईने बदलण्यास विरोध म्हणून 1967 मध्ये छागलांनी परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ते पुन्हा वकिलीकडे वळले. 1975 च्या आणीबाणीविरुद्ध ते जाहीरपणे बोलले, तेव्हा त्यांच्याकडे कोणतेही सरकारी पद नव्हते.