‘हवा मर्यादेत आहे’ हे वाक्य कसं तपासायचं?

पेपर कसा वाचायचा हे आपल्याला मार्गदर्शक शिकवतात. सरकारी अहवाल कसा वाचायचा हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. म्हणून आज पुण्यातलंच एक उदाहरण घेऊ.

बालभारती ते पौड फाटा हा वेताळ टेकडीच्या उतारावरून जाणारा प्रस्तावित रस्ता तुम्हाला ऐकून माहीत असेल. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी कमी व्हावी म्हणून महापालिकेला तो हवा आहे. टेकडी वाचावी म्हणून अनेक रहिवाशांचा त्याला विरोध आहे; एप्रिल 2023 मध्ये मोर्चाही निघाला होता. कोंडी सुटली की धूर कमी होईल, असा एक युक्तिवाद. नवा रस्ता नवी वाहनं ओढून आणेल, असा दुसरा. दोन्ही तपासता येतात, पण त्यासाठी रस्ता होण्याआधीची हवा मोजलेली हवी. ‘आधीची’ हवा नंतर मोजता येत नाही, एवढं लक्षात ठेवा. अशा वादात आपण निष्कर्षावर भांडतो आणि मोजमाप मागायचं राहून जातं, ही माझी मुख्य तक्रार आहे.

आता असा कुठलाही अहवाल हातात आला, तर तीन प्रश्न विचारा.

कुठे मोजलं? टेकडीच्या एका बाजूला पाषाणच्या पंचवटीत केंद्र आहे, दुसऱ्या बाजूला शिवाजीनगरच्या रेव्हेन्यू कॉलनीत, शिवाय कर्वे रस्त्यावर. म्हणजे टेकडीच्या भोवती आकडे आहेत. पण यातला एकही आकडा टेकडीच्या उताराचा किंवा लॉ कॉलेज रस्त्याच्या कडेचा नाही. आणि शहराची सरासरी म्हणजे तुमच्या गल्लीची हवा नव्हे.

केव्हा आणि किती दिवस? पर्यावरणीय आघात अहवालांत सहसा पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजणी असते: 12 आठवडे, आठवड्यातून दोनदा, म्हणजे 24 नमुने. 2009 च्या राष्ट्रीय मानकांनुसार वार्षिक सरासरीसाठी एका जागेचे वर्षाला किमान 104 नमुने लागतात. म्हणून 24 नमुन्यांवरून ‘वर्षभर हवा चांगली’ म्हणता येत नाही. त्यात पुणं टेकड्यांनी वेढलेलं. हिवाळ्यात सकाळी थंड हवा खाली साचते आणि धूर वर जात नाही. एप्रिल-मेमध्ये तोच धूर वाऱ्याने पांगतो. म्हणून मोजणीचे महिने आधी बघा.

कोणत्या मर्यादेशी तुलना केली? पीएम 2.5 साठी 24 तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, वार्षिक 40. दिवसाचा आकडा 50 आला तर तो पहिल्या मर्यादेत बसतो, पण वर्षभर तसाच राहिला तर दुसरी मर्यादा ओलांडतो. इथे रहिवाशांचंही चुकतं बरं का. संध्याकाळी सहा वाजता चौकात छोटा सेन्सर धरायचा आणि त्या पाच मिनिटांच्या आकड्याला 60 ची मर्यादा लावायची, हे शास्त्रात बसत नाही. दमट हवेत असे सेन्सर आकडा फुगवूनही दाखवतात.

मग माहिती मागायची कशी? माहिती अधिकार कायदा 2005 खाली 10 रुपयांत अर्ज करता येतो आणि साधारणपणे 30 दिवसांत उत्तर यायला हवं. पण ‘या रस्त्यामुळे प्रदूषण वाढेल का?’ असं विचारलंत, तर हाती काही लागणार नाही. जन माहिती अधिकाऱ्याने असलेली नोंद द्यायची असते, नवं मत बनवून द्यायचं नसतं. त्याऐवजी असं मागा: मोजणीच्या जागांची यादी व नकाशा, प्रत्येक नमुन्याची तारीख व वेळ, मूळ नोंदी, उपकरणाच्या कॅलिब्रेशनची प्रत, मॉडेलमध्ये वापरलेली वाऱ्याची आकडेवारी आणि ती कुठल्या केंद्राची आहे ते. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर कलम 6(3) नुसार अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो.

आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर? ते जपून ठेवा. त्यावरून मोजणी झालीच नाही, हे सिद्ध होत नाही; त्या कार्यालयाकडे नोंद नाही, एवढंच कळतं. पण त्याच कार्यालयाने ‘हवेवर परिणाम नगण्य’ असं लिहिलं असेल, तर हे कशाच्या आधारे लिहिलं, हा पुढचा प्रश्न आपोआप तयार होतो.

करून बघा: तुमच्या भागातल्या एखाद्या प्रकल्पाच्या अहवालातलं फक्त हवेचं प्रकरण उघडा आणि हे तीन प्रश्न समासात लिहा. उत्तरं ज्या पानावर सापडणार नाहीत, तिथून तुमचा अर्ज सुरू होतो. कदाचित तुमचा संशोधन प्रश्नसुद्धा.