एकच युद्ध, दोन मोजमापे

बेचाळीसच्या लढ्यावर मराठीत गौरवपर लेखन विपुल आहे. त्यात महार सैनिक कुठे आहे? बहुधा नसतोच, आला तर आरोपी म्हणून येतो. १९९७ साली अरुण शौरी यांनी ‘वर्शिपिंग फॉल्स गॉड्स’मध्ये बाबासाहेबांना इंग्रजांच्या बाजूचे ठरवले, तो याच आरोपाचा सुशिक्षित अवतार. तो तपासलाच पाहिजे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने इथल्या कोणालाही न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले. काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. युद्ध परक्यांचे होते, हे खरे. १६ ऑगस्ट १९४२ ला आमच्याच जुन्या चांदा जिल्ह्यातले चिमूर पेटले. नंतर लष्कर-पोलिसांनी तिथल्या स्त्रियांवर केलेले अत्याचार विसरण्यासारखे नाहीत. कुरखेड्याला हे शिकवताना मी काहीही सौम्य करीत नाही. पण वर्गातला बौद्ध विद्यार्थी विचारतो, ‘सर, तेव्हा आपली माणसं कुठं होती?’

उत्तर सरळ द्यावे. त्यातली काही पलटणीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जातीं’चे खूळ काढून इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. १९१७ ला माणसे कमी पडली, तेव्हा १११ वी महार पलटण उभारली. गरज सरताच १९२१ ला मोडली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, ती बाबासाहेबांच्या पाठपुराव्यामुळे आणि साम्राज्याला पुन्हा गरज पडली म्हणून. गावाने पाणवठ्यावरून हाकललेल्या माणसाला तिथे पगार आणि बंदूक मिळाली. ही भाकरी नाकारायची, तर गावाने त्याला दुसरी कोणती दिली होती?

याच युद्धात मराठा पलटणीचे यशवंत घाडगे १९४४ ला आणि नामदेव जाधव १९४५ ला इटलीत लढले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे तिथेच पडले. त्यांचा अभिमान आपल्यालाही आहे. त्यांना कोणी देशद्रोही म्हणत नाही, म्हणूही नये. राजा तोच, पगार तोच, युद्ध तेच. मग इमानाचा हिशेब एकट्या महाराकडेच का मागता?

लोकांना नको असलेले युद्ध समाजातली जुनी भेग अशी रुंद करते. एकाच्या नोकरीला शौर्य म्हणतात, दुसऱ्याच्या नोकरीला फितुरी. आणि हा निवाडा करणारी लेखणी गावाच्याच हातात असते.

आपणही महार शिपायाला देव करू नये. इंग्रजांनी त्याला वापरले आणि टाकले, हेही लिहावे. चिमूरची बाई आणि महार शिपाई दोघांनाही एकाच पानावर जागा देणारा इतिहास आपल्याला हवा आहे. तो दुसरे कोणी लिहून देणार नाही.