शाखांचा नकाशा आणि शाखांचे वय

सॉफ्टवेअर लिहिणे हे आता एकट्यादुकट्याचे काम राहिलेले नाही. एकाच आज्ञावलीत दहा-वीस जण एकाच वेळी फेरफार करत असतात. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवणारी साधने १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. त्यांपैकी आज सर्वाधिक प्रचलित असलेले ‘गिट’ हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिले. मूळ आज्ञावलीला धक्का न लावता तिच्यापासून ‘ब्रँच’, म्हणजे शाखा, काढायची, तीवर स्वतंत्रपणे काम करायचे आणि ते पुरे झाले की मुख्य प्रवाहात ‘मर्ज’, म्हणजे विलीन, करायचे, अशी ही पद्धत आहे.

शाखा किती असाव्यात, कोणती केव्हा विलीन करावी, याला काही शिस्त लागते. ती सांगणारा एक लेख व्हिन्सेंट ड्रीसेन या डच प्रोग्रामरने जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ‘अ सक्सेसफुल गिट ब्रँचिंग मॉडेल’ हे त्याचे शीर्षक. त्यातील पद्धत पुढे ‘गिट-फ्लो’ या नावाने जगभर पसरली आणि लेखातील रंगीत आकृती अनेक ठिकाणी जणू नियमपुस्तक म्हणूनच वापरली गेली. म्हणूनच या लेखाची परीक्षा करणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम त्याचे गुण पाहू. ड्रीसेन दोन कायमच्या शाखा सुचवतात. एकीवर ग्राहकाला दिलेल्या आवृत्त्या राहतात, तर दुसरीवर पुढच्या आवृत्तीची जुळवाजुळव चालते. याखेरीज तीन प्रकारच्या तात्पुरत्या शाखा असतात: नव्या सुविधेसाठी, आवृत्ती बाहेर काढण्यापूर्वीच्या साफसफाईसाठी आणि तातडीच्या दुरुस्तीसाठी. समजा, १.२ ही आवृत्ती लोकांच्या हाती आहे, १.३ अर्धवट आहे आणि अशा वेळी १.२ मध्ये गंभीर दोष सापडला. तर दुरुस्तीची शाखा १.२ पासून काढावी आणि ती दोन्ही कायमच्या शाखांत विलीन करावी, म्हणजे तोच दोष १.३ मध्ये पुन्हा डोके वर काढणार नाही. हे उत्तर नेमके आहे आणि ते इतक्या थोडक्यात मांडल्याबद्दल लेखकाचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप शीर्षकातील ‘यशस्वी’ या शब्दावर आहे. ही पद्धत आपण वर्षभर आपल्या काही प्रकल्पांत वापरली आणि ती चांगली चालली, एवढाच आधार लेखक देतात. दुसऱ्या कोणत्याही पद्धतीशी तुलना नाही, मोजमाप नाही. अनुभव सांगण्यात गैर काही नाही. परंतु एका गटाचा एका वर्षाचा अनुभव हा सर्वांसाठी नियम ठरत नाही, हे विज्ञानाच्या वर्गात आपण रोज सांगतो. येथे तो वाचकांनी नियम मानला आणि शीर्षकाने त्याला हातभारच लावला.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. गिटमुळे शाखा काढणे आणि विलीन करणे अगदी स्वस्त व सोपे झाले, हे लेखाचे गृहीतक आहे. ते शब्दांपुरते खरे आहे, अर्थापुरते नाही. विलीन करताना गिट तीन प्रती समोर ठेवते: दोन शाखांच्या दोन आणि त्यांच्या सामायिक पूर्वजाची एक. एखादा भाग एकाच शाखेत बदललेला असेल तर तो बदल ते स्वीकारते. तोच भाग दोन्हींत वेगवेगळ्या तऱ्हेने बदललेला असेल तर ते थांबते आणि माणसाला विचारते. यालाच ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात.

हे प्रश्नपत्रिकेवर पडताळून पाहू. प्रश्नपत्रिका ५० गुणांची हवी आहे, पण बेरीज ४५ च भरते. एका शिक्षकांनी आपल्या प्रतीत दुसऱ्या प्रश्नाचे गुण ५ ने वाढवले. दुसऱ्या शिक्षिकांनी आपल्या प्रतीत शेवटी ५ गुणांचा नवा प्रश्न घातला. प्रत्येकाची बेरीज बरोबर ५० येते. बदल वेगवेगळ्या ओळींवर असल्यामुळे गिट दोन्ही प्रती बिनतक्रार विलीन करील, आणि प्रश्नपत्रिका ५५ गुणांची होईल! कोणाचीही चूक नाही, कॉन्फ्लिक्टही नाही. तरी निकाल चुकीचा. आज्ञावलीतही असेच घडते. एकाने एखाद्या फंक्शनचे नाव बदलले आणि दुसऱ्याने दुसरीकडे जुन्याच नावाने त्याला हाक मारली, की विलीनीकरण सुरळीत होते पण आज्ञावली कोसळते.

असा घोटाळा होण्याची शक्यता शाखेच्या नावावर अवलंबून नसते. शाखा किती दिवस वेगळी राहिली आणि त्या काळात शेजारी किती शाखा वाढत होत्या, यावर ती अवलंबून असते. ५ शाखा असतील तर परस्परांशी विसंगत ठरू शकणाऱ्या जोड्या १० होतात. १० शाखा असतील तर ४५. शाखा दुप्पट झाल्या, पण जोड्या साडेचार पट! लेख मात्र शाखांची नावे काटेकोरपणे ठरवतो आणि वयाची मर्यादा सांगतच नाही. सुविधेचे काम चालू असेल तोवर तिची शाखा जगते, एवढेच तो म्हणतो. आमच्या मते हीच त्याची खरी उणीव आहे.

याच्या उलट पद्धतही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार, जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्या एकाच भांडारात सुमारे २ अब्ज ओळी होत्या आणि बहुतेक सर्व काम एकाच मुख्य प्रवाहावर चाले. ‘अ‍ॅक्सिलरेट’ या २०१८ च्या पुस्तकातील सर्वेक्षणांतही, चांगली कामगिरी करणाऱ्या गटांच्या शाखा थोड्या आणि एका दिवसाहून कमी आयुष्याच्या असल्याचे आढळले. अर्थात सर्वेक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. शिवाय रोज विलीन करायचे तर प्रत्येक बदलाची आपोआप चाचणी घेणारी यंत्रणा हवी. आमच्या उदाहरणात गुणांची बेरीज तपासणारी एखादी चाचणी असती, तर ५५ चा आकडा लगेच उघड झाला असता. ही यंत्रणा नसताना नुसती पद्धत उचलणे म्हणजे पुन्हा आंधळे अनुकरणच.

मार्च २०२० मध्ये ड्रीसेन यांनी आपल्याच लेखाच्या प्रारंभी एक टिपण जोडले. सतत अद्ययावत होणाऱ्या वेब-सेवांसाठी साधी पद्धत पुरेशी आहे. एकाच वेळी अनेक आवृत्त्या सांभाळाव्या लागत असतील तर आपली पद्धत अजूनही योग्य ठरेल. मात्र सर्व रोगांवर एकच औषध नसते, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. दहा वर्षांनी स्वतःच्या गाजलेल्या लेखाची मर्यादा लेखानेच सांगावी, हे दुर्मीळ आहे. आमच्या दृष्टीने हे टिपण मूळ आकृतीइतकेच वाचनीय आहे.

विद्यार्थ्यांचे गट प्रकल्पासाठी आज्ञावली लिहितात तेव्हा कामे वाटून घेतात आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री सारे एकत्र जोडायला बसतात. शिक्षकांनी त्यांना आकृती पाठ करायला लावण्याऐवजी दोनच प्रश्न दर आठवड्याला विचारावेत: तुमची सर्वांत जुनी शाखा किती दिवसांची आहे? आणि विलीन केल्यावर सर्व ठीक आहे, हे तुम्ही कशावरून ठरवता? संगणक नसेल तेथे प्रश्नपत्रिकेचा प्रयोग फळ्यावरही करता येईल. दोघांना दोन प्रती द्याव्यात, परस्परांशी बोलू देऊ नये आणि शेवटी गुणांची बेरीज वर्गाकडूनच करून घ्यावी.