अंडे उकडले, प्रश्न कच्चाच!

प्रथिनांचा धडा आला की अंड्याचा प्रयोग ठरलेला. परीक्षानळीत अंड्याचा पांढरा भाग घ्यायचा, नळी ज्योतीवर धरायची आणि तो गोठला की फळ्यावर लिहायचे : ‘उष्णतेने प्रथिनांची रचना मोडते.’ आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले. विधान खरे आहे, पण प्रयोग अर्धवट आहे. किती उष्णतेने, हे त्यात कोणी मोजतच नाही.

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. सकाळची शाळा सुटल्यावर तापल्या रस्त्याने घरी जाणारी एखादी मुलगी विचारील, “सर, मग आपण का गोठत नाही?” घामामुळे शरीर ३७ अंशांच्या आसपास राहते, हे उत्तर सोपे. पण शरीराचे तापमान ४० अंशांपुढे गेले की उष्माघात जिवावर बेततो. अंड्याचा पांढरा भाग मात्र ६० अंशांपर्यंत पातळच असतो. हा फरक का? आपला प्रयोग इथे गप्प बसतो.

परीक्षानळी ज्योतीवर न धरता पाण्यात ठेवून सावकाश तापवली आणि शेजारी तापमापी लावली, तर तोच प्रयोग बोलू लागतो. सुमारे ६० अंशांना गढूळपणा दिसतो. पण ८० अंश ओलांडल्याशिवाय तो भाग पुरता घट्ट होत नाही. कारण अंड्यात प्रथिने अनेक आहेत आणि प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी आहे.

पेशीतही असेच आहे. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी जिवंत पेशी वेगवेगळ्या तापमानांना तापवल्या, गोठलेली प्रथिने वेगळी काढली आणि विरघळलेली किती उरली ते मोजले. औषध चिकटलेले प्रथिन बहुधा अधिक उष्णता सोसते. त्यामुळे औषध पेशीत कोणाला चिकटते याचा सुगावा लागतो. पुढे ही मोजणी एकाच वेळी हजारो प्रथिनांवर होऊ लागली. २०१७ साली झुरिकच्या गटाला ई. कोलाय जीवाणूत असे आढळले की, पेशी मरते तेव्हा बहुतेक प्रथिने शाबूत असतात. कोसळतात ती मोजकी, पण अत्यावश्यक. साखळी तुटते ती कच्च्या कडीपाशी. माणसाच्या उष्माघातामागे याखेरीज इतरही कारणे असतात. पण ‘उष्णतेने सगळी प्रथिने मोडतात’ ही समजूत तरी यातून दूर होते.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. काही औषधे चिकटूनही प्रथिनाची सहनशक्ती बदलत नाही. म्हणून तापमान बदलले नाही, एवढ्यावरून औषध चिकटलेच नाही असे म्हणता येत नाही.

आमची सूचना साधी आहे. या वर्षी अंड्याच्या प्रयोगात तापमापी ठेवा, दर पाच अंशांना नोंद घ्या, मुलांकडून आलेख काढून घ्या. फळ्यावरचे वाक्य मग त्यांनाच दुरुस्त करू द्या.